कृपासदनाची माउली : पंडिता रमाबाई

आमच्या लोधिवलीवरून मुंबई-पुण्याचा जुना हमरस्ता खोपोलीकडे जातो, आणि थोड्या अंतरावर कर्जतहून आगगाडी बोरघाट चढूं लागते. हा लोहमार्ग १८६३ सालीं घाट चढून पुण्याकडे गेला, तेव्हांपासून या दोन वाटांनीं असंख्य माणसें वर-खालीं गेलीं. कोणी विद्येसाठीं, कोणी पोटासाठीं, कोणी देवदर्शनासाठीं. परंतु ज्या वाटेनें शाळेस निघालेली मुलगी जाते, त्याच वाटेनें फसवून शहरांत विकावयास नेलेली मुलगीहि जाते. गाडीला किंवा रस्त्याला त्यांतला भेद कळत नाहीं. तो भेद ओळखणारीं आणि ओळखून स्वस्थ न बसणारीं माणसें समाजांत असावीं लागतात. अशा माणसांत ज्यांचें नांव महाराष्ट्रानें अग्रभागीं ठेविलें पाहिजे, त्या पंडिता रमाबाई यांचें चरित्र यंदां आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

रमाबाईंचें नांव घेतांच बहुतेकांस त्यांची विद्वत्ता आठवते, कांहींस त्यांनीं विधवांसाठीं काढलेलें शारदासदन आठवतें, आणि कांहींस त्यांच्या धर्मांतरामुळें उठलेलें वादळ आठवतें. केडगांवास त्यांनीं चालविलेल्या कृपासदनाची मात्र फारशी आठवण निघत नाहीं. ज्या स्त्रियांना दुष्टांनीं फसविलें, विकलें, अनीतीच्या बाजारांत लोटलें, आणि त्यानंतर ज्यांना स्वतःच्या घराचें दारहि बंद झालें, अशांसाठीं तें घर होतें. हा विषय शाळेच्या वार्षिकांत कशाला, असें कोणा पालकांस वाटेल. आम्हांस उलट वाटतें. ज्या वयाच्या मुली आमच्या वर्गांत बसतात, त्याच वयाच्या मुलींवर हा घाला पडत असतो. ज्याविषयीं बोलावयाचेंच नाहीं, त्यापासून मुलींना सावध तरी कसें करावयाचें?

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजीं सह्याद्रीच्या कर्नाटकांतील भागांत, गंगामूळ येथील अरण्यांत झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण व मोठे संस्कृत पंडित होते. त्यांनीं आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला संस्कृत शिकविलें, एवढ्यावरून त्यांना स्वजनांचा रोष पत्करावा लागला, आणि शेवटीं रानांत आश्रम करून राहावें लागलें. येणाराजाणाऱ्यांचा पाहुणचार करितां करितां आश्रमास कर्ज झालें. रमाबाई अगदीं लहान असतांनाच तें घर मोडलें, आणि सारें कुटुंब पुराण सांगत तीर्थोतीर्थीं फिरूं लागलें. वृद्ध वडिलांच्या अंगीं शिकविण्याचें बळ उरलें नाहीं, तेव्हां आईनें पहाटे मुलीला जागी करून पाठ दिले. ज्या काळीं मुलीच्या हातीं पाटी दिसली तरी लोक नाक मुरडीत, त्या काळीं या मुलीला भागवताचे हजारों श्लोक मुखोद्गत झाले होते.

परंतु रमाबाईंचें खरें शिक्षण श्लोकांनीं झालें नाहीं, तें भुकेनें झालें. १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यांत अन्नाचा तुटवडा पडला, आणि पुराण ऐकून दक्षिणा देणारे हात आंखडले. भांडीं गेलीं, वस्त्रें गेलीं, होतें नव्हतें तें विकून झालें. दहा-अकरा दिवस या कुटुंबानें रानांतला पाला आणि पाणी यांवर काढले. प्रथम वडील गेले, मागोमाग आई गेली, आणि पुढें थोरली बहीणहि गेली. उरलीं रमाबाई आणि त्यांचे बंधु श्रीनिवास. हीं दोघें हजारों मैल पायीं चालत राहिलीं. पंजाबांत झेलमच्या कांठीं थंडीपासून अंग वांचविण्यासाठीं त्यांनीं वाळूंत खड्डे केले आणि अंगावर वाळू ओढून रात्र काढली. भूक माणसाच्या लाजेचें काय करिते, आणि निराधार मुलीला किती स्वस्त करून टाकिते, हें रमाबाईंना पुस्तकांतून शिकावें लागलें नाहीं. त्यांच्या शेजारीं निदान भाऊ होता. ज्या मुलींच्या शेजारीं कोणीच नव्हतें, त्यांचें पुढें काय झालें असेल, हा प्रश्न त्यांच्या मनांत तेव्हांच शिरला असावा असें आम्हांस वाटतें. कारण पुढील चाळीस-पन्नास वर्षांतील त्यांची प्रत्येक कृति ही त्याच प्रश्नाचें उत्तर शोधणारी आहे.

१८७८ सालीं भावंडें कलकत्त्यास पोंचलीं. तेथील पंडितांनीं या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेतली, आणि थक्क होऊन तिला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. कीर्ति आली, पण सुख टिकलें नाहीं. १८८० मध्यें श्रीनिवास वारले. त्याच वर्षीं रमाबाईंनीं बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशीं विवाह केला. वर ब्राह्मण नव्हता, म्हणून लोकांनीं नांवें ठेविलीं. १८८१ मध्यें मनोरमा ही कन्या झाली, आणि १८८२ च्या आरंभीं पतीला पटकीनें नेलें. वयाच्या चोविसाव्या वर्षाच्या आंतच माता, पिता, बहीण, भाऊ व पति गमावलेली ही बाई एका तान्ह्या मुलीसह उरली.

त्याच वर्षीं त्या पुण्यास आल्या. तेथें त्यांनीं आर्य महिला समाज स्थापन केला, स्त्रीधर्मनीति हें पुस्तक लिहिलें, आणि शिक्षणाच्या चौकशीसाठीं आलेल्या हंटर कमिशनपुढें साक्ष देऊन स्त्रियांना शिक्षिका व स्त्री-डॉक्टर मिळाल्या पाहिजेत अशी मागणी केली. स्वतः वैद्यक शिकावें अशा हेतूनें १८८३ सालीं त्या मनोरमेसह विलायतेस गेल्या. ऐकूं कमी येत असल्यामुळें वैद्यकाचा बेत सोडावा लागला. वाँटेज येथें इंग्लंडच्या चर्चमधील संन्यासिनींचा एक मठ होता. त्या मठाच्या भगिनींच्या आश्रयाला त्या राहिल्या.

या ठिकाणीं आमच्या विषयाशीं संबंध असलेला प्रसंग घडला. मठाच्या भगिनी लंडनमधील फुलम या भागांत एक घर चालवीत. वाममार्गाला लागलेल्या किंवा लाविलेल्या स्त्रियांना तेथें आश्रय मिळे. रमाबाईंना एका भगिनीनें तें घर दाखविलें. तेथें त्यांना अशा स्त्रिया भेटल्या कीं, ज्या एके काळीं त्याच घरांत आश्रयास आल्या होत्या आणि आतां स्वतः आजाऱ्यांची व दुबळ्यांची सेवा करीत होत्या. रमाबाई चकित झाल्या. शास्त्रें त्यांनीं पुष्कळ वाचलीं होतीं, परंतु अशा स्त्रियांविषयीं त्यांनीं शिक्षा आणि बहिष्कार यांपलीकडे कांहीं ऐकलें नव्हतें. त्यांना पुन्हां उभें करतां येतें, एवढेंच नव्हे तर त्या दुसऱ्यांना उभें करूं शकतात, ही गोष्ट त्यांनीं आयुष्यांत प्रथमच डोळ्यांनीं पाहिली. असें करण्याची बुद्धि या भगिनींना कोठून होते, हें त्यांनीं विचारलें. उत्तर म्हणून त्यांना योहानाच्या शुभवर्तमानांतील शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखविण्यांत आली. विहिरीवर भर दुपारीं एकटी पाणी भरावयास आलेल्या, गांवानें टाकलेल्या त्या स्त्रीशीं ख्रिस्त बोलत बसतो, तिच्या हातचें पाणी मागतो, आणि ती घागर तेथेंच ठेवून गांवाला निरोप सांगावयास धांवते, अशी ती कथा आहे. त्याच वर्षीं २९ सप्टेंबर रोजीं रमाबाईंनीं बाप्तिस्मा घेतला.

फुलमचें तें घर हें काहीं एकाकी उदाहरण नव्हतें. फ्रान्सांतील आंजे येथें १८३५ सालीं संत मेरी युफ्रेशिया यांनीं उत्तम मेंढपाळाच्या भगिनींचा कॅथॉलिक संघ स्थापन केला होता, तोहि याच कामासाठीं. आणि त्या संघाच्या भगिनी १८५४ मध्येंच बंगलोरास येऊन दाखल झाल्या होत्या. रमाबाई विलायतेंत असतांनाच, १८८५ सालीं, लहान मुलींच्या क्रयविक्रयाविरुद्ध लंडनमध्यें मोठा गहजब झाला, आणि पार्लमेंटानें मुलींचें संमतिवय सोळा वर्षांवर नेलें. म्हणजे हा रोग एकट्या हिंदुस्थानाचा नव्हता, व औषधहि कोणा एका देशाचें नव्हतें. जेथें मुलगी गरीब व निराधार आणि गिऱ्हाईक श्रीमंत व निर्भय, तेथें हा बाजार भरतो.

१८८६ सालीं आनंदीबाई जोशी यांना डॉक्टरची पदवी मिळाली. त्या समारंभासाठीं रमाबाई अमेरिकेस गेल्या, आणि दोन-अडीच वर्षें तेथेंच व्याख्यानें देत राहिल्या. १८८७ मध्यें त्यांनीं उच्चवर्णीय हिंदु स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजींत पुस्तक लिहिलें. तें इतकें खपलें कीं, बोस्टन शहरीं रमाबाई असोसिएशन स्थापन होऊन विधवांच्या शाळेसाठीं दहा वर्षें पैसे पुरविण्याचें वचन मिळालें. ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस चौपाटीजवळ शारदासदन सुरू झालें. तेथील पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. याच पुढें धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी आनंदीबाई झाल्या. १८९० च्या नोव्हेंबरांत ती संस्था मुंबईहून पुण्यास गेली. आमच्या कर्जतवरून घाट चढणाऱ्या वाटेनें तेव्हां केशवपनाला व कोंडलेल्या जिण्याला चुकवून निघालेल्या मुली पुण्याकडे गेल्या. त्याच वाटेनें दुसऱ्या दिशेला काय जात असे, हें आम्ही आरंभीं सांगितलेंच आहे.

पुण्यांत यश आलें आणि वादळहि आलें. सदनांतील कांहीं मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात व ख्रिस्ती धर्माकडे वळतात, असा बोभाटा १८९३ सालीं झाला. न्यायमूर्ति रानडे व डॉक्टर भांडारकर यांनीं सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले, आणि पुष्कळ पालकांनीं मुली काढून नेल्या. या वादांत कोणाचें किती चुकलें, याचा निवाडा करण्याचें हें स्थळ नव्हे. मुली ज्यांच्या हवालीं केल्या त्यांच्या धर्माची पालकांना काळजी वाटणें साहजिक होतें, आणि आपल्या खोलीचें दार उघडें ठेवून प्रार्थना करण्याचा हक्क रमाबाईंनाहि होता. आम्हांस येथें एवढेंच सांगावयाचें आहे कीं, ओळखीचे, मानाचे व पैशाचे लोक दूर गेल्यावरहि त्यांनीं काम सोडलें नाहीं. उलट, ज्यांना काढून नेण्यास कोणी पालकच नव्हते, अशा मुलींकडे त्यांचें लक्ष अधिक गेलें.

याच सुमारास केव्हां तरी त्या यात्रेकरूचा वेष घेऊन वृंदावनास गेल्या. तरुण विधवांना पुण्याची लालूच दाखवून दलाल त्या क्षेत्रीं आणीत, आणि एकदां घरदार तुटलें म्हणजे त्यांना तेथेंच अनीतीनें राहण्यास भाग पाडीत, अशी वार्ता त्यांच्या कानांवर आली होती. वार्ता ऐकून लेख लिहिणारे पुष्कळ असतात. रमाबाई स्वतः पाहून आल्या. तेथें पाहिलेलें दुःख त्यांच्या मनांतून गेलें नाहीं. देवाच्या दारीं जें घडतें तें दुष्काळाच्या छावणींत किती सहज घडेल, याची त्यांना कल्पना आली.

आणि दुष्काळ लवकरच आला. १८९६-९७ सालीं मध्यप्रांतांत अन्न मिळेनासें झालें. लोक सरकारी कामांवर व अनाथगृहांत गोळा झाले. रमाबाई तेथें गेल्या आणि त्यांनीं दोन प्रकारचीं माणसें पाहिलीं. एक उपाशी, दुसरीं त्या उपाशांभोंवतीं घिरट्या घालणारीं. थोड्या रुपयांत किंवा मुठभर धान्यांत मुलगी मिळते, हें ओळखून शहरांतले दलाल, पुरुष व बायकाहि, रस्त्यावर, देवळापाशीं, छावणीच्या दारांत टपून बसलेले असत. कोणी मावशी होऊन येई, कोणी नोकरी देतों म्हणे, कोणी लग्न लावून देतों म्हणे. ज्यांच्या हातीं अन्न वांटण्याचा अधिकार, त्यांपैकींहि कांहीं त्या अधिकाराची किंमत मुलींकडून घेत. हें सारें रमाबाईंनीं लिहून प्रसिद्ध केलें. परंतु लिहून त्या थांबल्या नाहींत. दलालानें हात घालण्यापूर्वीं आपण हात पुढें करावयाचा, असा त्यांचा निश्चय झाला. आपणांपाशीं पैसे किती आहेत, जागा किती आहे, हा हिशेब त्यांनीं मागाहून केला. थोड्याच महिन्यांत सुमारें तीनशें मुली त्यांनीं आणिल्या.

या मुली पुण्यास पोंचल्या तों तेथें प्लेग. शहरांत नवीं माणसें आणण्यास मनाई झाली. प्लेगच्या इस्पितळांत तरुण मुली सुरक्षित नाहींत, आपल्या संस्थेंतून नेलेल्या एका मुलीचा तेथें घात झाला, असें रमाबाईंनीं १८९७ सालीं वर्तमानपत्रांत उघड पत्र लिहून सांगितलें. सरकारनें तो आरोप नाकारला, पण विलायतेच्या पार्लमेंटांत त्यावर प्रश्न निघालाच. ज्या सरकारच्या कृपेवर अशा संस्था चालत, त्याच सरकारला एका अनाथ मुलीसाठीं जाब विचारण्यास मोठें धैर्य लागतें. त्या मुलीचें राजदरबारीं वजन नव्हतें, तिच्यामागें नातलग नव्हते. रमाबाईंच्या लेखीं मात्र ती हरवलेली मुलगी होती, आणि हरवलेल्या मुलीची चौकशी आईनें करावयाची नाहीं तर कोणी?

पुण्याहून दौंडच्या वाटेवर केडगांव लागतें. तेथें रमाबाईंनीं आधींच सुमारें शंभर एकर जमीन घेऊन ठेविली होती. अमेरिकेंतील दहा वर्षांची मदत संपल्यावर संस्थेनें स्वतःच्या पायावर उभें राहावें, म्हणून विहिरी खणून व फळझाडें लावून ती बागाइती करावयाची, असा त्यांचा बेत होता. आतां ती जमीनच शेंकडों मुलींचें माहेर झाली. प्रथम साध्या झोंपड्या पडल्या, मग १८९८ मध्यें मुक्तिसदनाच्या इमारती उभ्या राहिल्या. १९०० सालीं गुजराथेंत दुष्काळ पडला, तेव्हां आणखी हजारांवर मुली व स्त्रिया आल्या, आणि एकंदर वस्ती दोन हजारांच्या घरांत गेली. एखाद्या तालुक्याच्या गांवाएवढ्या या कुटुंबाला रोज जेवूं घालावयाचें होतें.

या मुक्तीच्या आवारांतच, तें शतक संपण्याच्या सुमारास, कृपासदन निघालें. दुष्काळांत आणलेल्या सर्वच मुली दलालांच्या तावडींतून वेळेवर सुटल्या नव्हत्या. कांहींचा घात आधींच झाला होता. कांहींच्या अंगांत त्या घाताचे रोग होते. कांहींच्या मनाला तर अशी दहशत बसली होती कीं, समोर आलेला हात मारावयास आला कीं देण्यास आला, हेंहि त्यांना कळेना. अशा स्त्रियांसाठीं हें निराळें घर होतें. फुलम येथें पाहिलेलें बीज सोळा-सतरा वर्षांनीं केडगांवच्या मातींत उगवलें.

तेथें काय केलें जाई? मुक्तिसदनाचा जो क्रम तोच येथें. प्रथम अन्न, वस्त्र, स्नान व औषध. मग नियमाचा दिवस: उठणें, प्रार्थना, काम, शाळा, जेवण, झोंप. ज्याच्या आयुष्यांत कोणत्याहि क्षणीं कांहींहि होऊं शकत होतें, अशा माणसाला उद्यां सकाळीं काय होणार हें ठाऊक असणें हेंच पहिलें औषध होय. मग अक्षरओळख, आणि अक्षरओळखीबरोबर हाताला धंदा. केडगांवास विणकाम होतें, शिवण होतें, दुधाचा धंदा होता, तेलाचा घाणा होता, शेती व बाग होती, छापखानाहि होता. हे धंदे केवळ खर्च भागविण्यासाठीं नव्हते. जिचें शरीर दुसऱ्यांनीं विकलें, तिला आपल्या हातांचें मोल आपल्यालाच मिळतें हें कळणें, ही तिच्या बरें होण्याची खूण असते.

आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. आधीं आलेल्या मुलींवर मागाहून आलेल्यांचा सांभाळ सोंपविला जाई. शारदासदनांत शिकून तयार झालेल्या मुली मुक्तींत शिक्षिका झाल्या. जी काल स्वतः उपाशी व भ्यालेली होती, तिच्या मांडीवर आज दुसरें एखादें उपाशी व भ्यालेलें मूल येई. त्यामुळें दयेचा विषय होऊन राहण्याची पाळी तिच्यावर येत नसे. तीच दया करणारी होई. पुढें आंधळ्यांसाठीं व म्हाताऱ्यांसाठींहि निराळीं सदनें निघालीं. मनोरमाबाईंनीं अमेरिकेंत शिकून येऊन आंधळ्या मुलींना उंचवट्याच्या ब्रेल लिपीनें वाचावयास शिकविलें.

एवढ्या मोठ्या संस्थेंत उणिवा नव्हत्या असें आम्ही म्हणत नाहीं. शिस्त कडक होती. धर्मोपदेशाचा भर मोठा होता, आणि त्यावर टीका करणारे तेव्हां होते तसे आजहि आहेत. परंतु टीकाकारांनीं एका प्रश्नाचें उत्तर द्यावयास हवें, तें हें कीं, त्या मुलींसाठीं त्या दिवशीं दुसरें कोणतें दार उघडें होतें? आपल्या भाषेंत अशा स्त्रियांना पतित म्हणण्याची रीत आहे. पतित म्हणजे पडलेली. जी ढकलली गेली तिला पडलेली म्हणावयाचें, आणि ज्यानें ढकललें त्याला कांहींच नांव ठेवावयाचें नाहीं, असा हा शब्दाचा न्याय आहे. रमाबाईंनीं त्याविरुद्ध वाद घातला असेल नसेल. पण त्यांनीं त्या घराला पतितगृह असें नांव न देतां कृपासदन असें नांव दिलें. दारावरच्या त्या एका शब्दानें आंत येणाऱ्या स्त्रीला कळलें कीं, येथें आपला पूर्वेतिहास आपल्या आधीं येऊन बसलेला नाहीं.

उत्तर वयांत रमाबाईंनीं इब्री व ग्रीक या भाषा शिकून बायबलाचें साध्या मराठींत, बायाबापड्यांना समजेल असें, भाषांतर हातीं घेतलें. त्याचे खिळे मुक्तीच्या मुलींनींच जुळविले व छपाईहि त्यांनींच केली. १९१९ सालीं सरकारनें त्यांना कैसर-इ-हिंद हें सुवर्णपदक दिलें. १९२१ च्या जुलईंत मनोरमाबाई वारल्या. ज्या एका जिवाला बरोबर घेऊन रमाबाईंनीं चाळीस वर्षांपूर्वीं आपला प्रवास नव्यानें सुरू केला होता, तोहि गेला. तरीहि भाषांतराचें काम त्यांनीं शेवटास नेलें, आणि ५ एप्रिल १९२२ रोजीं केडगांवास देह ठेविला. तें बायबल त्यांच्यामागें, १९२४ सालीं, प्रसिद्ध झालें. १९८९ मध्यें भारत सरकारनें त्यांच्या चित्राचें टपाल तिकीट काढलें. केडगांवची मुक्ति मिशन ही संस्था सव्वाशे वर्षें उलटून गेलीं तरी चालू आहे.

वाचकांपैकीं कोणी म्हणतील कीं, हा दुष्काळांच्या काळांतला इतिहास झाला. आतां त्याचें काय? तर बाजार अजून भरतो. आपल्या राज्यघटनेच्या तेविसाव्या कलमानें माणसांचा व्यापार निषिद्ध केला आहे, १९५६ सालीं त्यासाठीं निराळा कायदा झाला, आणि २०१२ सालीं बालकांच्या रक्षणाचा पोक्सो कायदा झाला. सुदानांत लहानपणीं पळविली गेलेली व अनेकदां विकली गेलेली जोसेफीन बखिता ही पुढें इटलींत कॅथॉलिक भगिनी झाली. २००० सालीं तिला संतपद मिळालें, आणि तिच्या ८ फेब्रुवारीच्या सणाला जगभर कॅथॉलिक लोक माणसांच्या विक्रीविरुद्ध प्रार्थना करितात. अशा मुलींना आश्रय देणारीं घरें आज आपल्या देशांत अनेक धर्मांच्या व संस्थांच्या लोकांनीं चालविलीं आहेत. हें सारें आहे, कारण रोग आहे.

तो रोग आमच्या अंगणापर्यंत येण्यास वाटा पुष्कळ आहेत. पावसाळा सरला कीं खालापूर-कर्जतच्या वाड्यांतील कितीतरी कातकरी कुटुंबें वीटभट्ट्यांवर जातात, आणि त्यांच्या मुलामुलींची शाळा सुटते. शाळेच्या हजेरीपटांतून नाहींशी झालेली मुलगी कोठें गेली, हें कोणी विचारीत नाहीं. आणि न विचारलेली मुलगी ही दलालाची सर्वांत सोपी शिकार असते. आतां दलाल छावणीच्या दारीं बसत नाहीं. तो भ्रमणध्वनीवर गोड बोलतो, शहरांत नोकरी देतों म्हणतो, लग्नाचें वचन देतो, ओळखीची बाई पाठवितो. सोंग बदललें, बोलणें तेंच आहे.

म्हणून विद्यार्थी व विद्यार्थिनी यांस आमचें सांगणें असें कीं, वर्गांतील बाक रिकामा दिसला तर विचारा. कोणी अनोळखी किंवा ओळखीचाहि माणूस घरीं न सांगतां कोठें चल म्हणाला तर जाऊं नका, आणि ती गोष्ट त्याच दिवशीं आई-वडिलांस किंवा शिक्षकांस सांगा. संकटांत १०९८ हा क्रमांक फिरविला असतां मुलांना मदत मिळते, तो पाठ असूं द्या. मुलांनीं आणखी एक ध्यानांत धरावें: गिऱ्हाईक नसेल तर बाजार उठतो. आपण कसले पुरुष होणार, हें ठरविण्याचें वय हेंच आहे.

आणि पालकांस आमची विनंती याहून कठीण आहे. मुलगी घरांतून गेली तर शोधण्यास सर्वच धांवतात. ती परत आली तर काय, हा खरा प्रश्न आहे. लोक काय म्हणतील या भयानें जें दार लागतें, तें दलालानें लावलेल्या दाराहून अधिक घट्ट असतें. कारण त्याच्या मागें आईबाप उभे असतात. रमाबाईंना केडगांवास निराळें घर बांधावें लागलें, कारण हजारों घरांनीं आपलीं दारें लावून घेतलीं होतीं. त्यांचें चरित्र वाचून आमच्या गांवांतील एका घराचें दार जरी अशा एखाद्या मुलीसाठीं उघडें राहिलें, चौकशी न करितां तिच्यापुढें पान वाढलें गेलें, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं तिचें दप्तर पुन्हां भरून तिला शाळेंत पाठविलें गेलें, तर या वार्षिकाचीं हीं पानें सार्थकीं लागलीं असें आम्ही समजूं.